मूळ, खोड, पान : आमच्या बांधीतला धडा

भंडारा जिल्ह्यात आमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्या घरांचे वर्ष ठरलेले असते. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, उन्हाळ्यात तेंदूपाने आणि मधल्या दिवसांत बिड्या. विचार करून पाहिले तर या सगळ्या कामांत आमच्या हातात झाडाचे मूळ, खोड नाहीतर पान असते. पऱ्हे उपटताना मुळे हातात, कापणीला खोड, तेंदूच्या हंगामात पान. तरीही शाळेच्या पुस्तकात वनस्पतीच्या अवयवांचा धडा आला की मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पुस्तकातले चित्र आणि आपल्या बांधीतले धान यांची गाठ कोणी घालून देत नाही. ती घालून दिली तर घराला काय मिळते, हे आम्ही नवराबायकोने आमच्या घरी पाहिले. म्हणून चार गोष्टी लिहितो.

आमच्या दोन मुली. मोठीची शाळा घरच्या अडचणीमुळे सातवीनंतर सुटली. ती बिड्या वळते, रोवणीला जाते. धाकटी शाळेत आहे. संध्याकाळी मोठी सूप घेऊन बसते आणि धाकटी तिच्याजवळ मोठ्याने वाचते. हा धडा आमच्या घरात असाच शिरला. धाकटी वाचायची आणि मोठी म्हणायची, "हे तर मी रोज पाहते, पण याला नाव आहे हे माहीत नव्हतं."

आधी मुळाचे पाहू. धानाचा पऱ्हा उपटला की बुडाशी सारख्या जाडीच्या मुळांचा झुपका दिसतो. ही तंतुमुळे. धुऱ्यावरची तूर उपटायला जा, हात दुखून येतात, कारण तिचे एक मोठे मूळ सरळ खाली गेलेले असते आणि त्याला बाजूने बारीक मुळे फुटलेली असतात. हे सोटमूळ. धानाचे बी एकदल, तुरीचे द्विदल, म्हणून डाळ होताना तुरीच्या दाण्याचे दोन भाग होतात. पानांतही हाच भेद आहे. धानाच्या पातीत शिरा एकमेकींच्या शेजारून सरळ जातात, तुरीच्या पानात त्यांची जाळी असते. बी, मूळ आणि पान यांतले एक पाहिले की बाकी दोन बहुधा सांगता येतात.

मुळाच्या टोकाजवळ डोळ्यांना जेमतेम दिसतील असे मूलरोम असतात. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार ओढून घेण्याचे खरे काम त्यांचे. पऱ्हे उपटताना ते तुटतात. म्हणूनच रोवणी झाल्यावर काही दिवस धान पिवळे आणि मलूल दिसते. पुढे बुडाच्या पेरांतून नवी पांढरी मुळे फुटली की ते ताठ उभे राहते. आपण म्हणतो, "धान लागलं." म्हणजे नवी मुळे कामाला लागली.

झाड माती खाऊन वाढते असे पुष्कळांना वाटते. यावर एक जुना प्रयोग आहे. ब्रुसेल्सच्या फान हेल्माँट या विद्वानाने सुमारे ९० किलो सुकी माती तोलून एका कुंडीत घातली आणि तीत वाळुंज जातीच्या विलो झाडाचे सव्वादोन किलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी दिले. पाच वर्षांनी झाड सुमारे ७७ किलोचे झाले आणि माती कमी झाली फक्त सुमारे ५७ ग्रॅम. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापले गेले. झाडाचे अंग पाण्यापासूनच बनते, असे त्याला वाटले. पुढच्या काळात कळले की त्यात हवेचाही मोठा वाटा आहे. १७७९ साली इंगेनहाउझ या डच डॉक्टराने दाखवून दिले की झाडाचे हिरवे भाग उजेडातच हवा शुद्ध करतात, अंधारात नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळाने वर पाठवलेले पाणी आणि सूर्याचा उजेड यांतून पान अन्न बनवते. खत म्हणजे झाडाचे जेवण नव्हे. जेवणातल्या मिठासारखे ते थोडे लागते, पण तेवढ्याने पोट भरत नाही. झाडाची चूल पानात असते.

पानाचे म्हणाल तर आमच्या मोठीएवढे पान ओळखणारे घरात दुसरे कोणी नाही. तेंदूच्या पानाची मधली शीर कुठे जाड आहे, कुठे कात्री चालवायची, हे तिच्या अंगठ्याला कळते. धाकटीने तिला सांगितले की त्याच शिरांतून पाणी पानात येते आणि तयार झालेले अन्न त्यांतूनच परत जाते. तेंदूच्या हंगामाआधी झुडपे बुडाशी छाटतात. वरचे सगळे कापले तरी जमिनीतल्या मुळांत अन्न साठवलेले असते. त्यावर नवे कोंब फुटतात आणि मोठी, मऊ, न फाटणारी पाने मिळतात. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात आपण सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतो, ती पाने म्हणजे मुळांनी राखून ठेवलेल्या शिदोरीवर आलेले पीक असते. जंगलाला आग लावली तर चांगली पाने येतात असे म्हणणारे आहेत. आगीने बाकीची रोपे आणि बी जळते. छाटणीने काम होते, तिथे आग कशाला?

पळसाची गंमत तर ऐकाच. "पळसाला पाने तीनच" ही म्हण आपण नेहमी वापरतो. धाकटीने सांगितले की ती तीन पाने नाहीतच, त्या एका पानाच्या तीन पर्णिका आहेत. ओळखायचे कसे? जिथे पानाचा देठ खोडाला चिकटतो तिथे वरच्या बेचक्यात कळी असते. पळसात ती तिघांच्या मिळून एकाच देठाशी असते, प्रत्येक पर्णिकेशी नसते. पत्रावळी लावता लावता आमच्या आईचे केस पांढरे झाले, पण ही गोष्ट ऐकून तीही हसली आणि उठून अंगणातली फांदी पाहून आली.

आता खोड. खोडाला पेरे असतात, पेरापाशी पान आणि कळी फुटते, दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. हे ध्यानात ठेवले की स्वयंपाकघरात फसगत होत नाही. बटाटा, आले, हळद जमिनीत वाढतात, पण त्यांना डोळे आणि पेरे असतात, म्हणून ती खोडे आहेत. तलावातली कमळकाकडीही खोडच. रताळे, मुळा आणि गाजर ही मुळे. कांद्याचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बूड. धानाचे खोड आतून पोकळ असते. जुनी उंच वाणे वारा-पावसात लोळायची आणि युरिया जास्त झाला की आणखी लोळायची. १९६६ साली फिलिपिन्समध्ये आयआर-८ आणि १९६८ साली आपल्या देशात जया ही वाणे आली. त्यांच्या उत्पन्नामागे आखूड, ताठ खोडाचा मोठा हात होता.

खोडकिडा याच पोकळीत शिरतो. फुटव्यांच्या वेळी शिरला तर मधला पोंगा सुकतो आणि ओढला की अलगद हातात येतो. निसवण्याच्या वेळी शिरला तर लोंबी पांढरी आणि पोचट निघते. त्याची पाखरे पातीच्या टोकाजवळ अंडी घालतात. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून टाकायला सांगतात ते यासाठी. खुडलेले शेंडे बांधीत न टाकता नष्ट करावेत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. आम्ही दोन एकर ठेक्याने करतो. वर्षाचा तांदूळ त्यातूनच निघतो. एका वर्षी रोवणीनंतर महिनाभराने खालच्या अंगाच्या बांधीतले धान पिवळे पडू लागले. बाकीच्या बांध्या हिरव्या होत्या. दुकानदार म्हणाला, युरियाची आणखी एक बॅग टाका. उधारीवर देतो म्हणाला. ठेक्याचे पैसे द्यायचे बाकी, त्यात ही उधारी. रात्री घरात बोलणे चालले होते, तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, दोन्ही बांध्यांतलं एकेक झाड उपटून पाहू ना."

सकाळी दोघी बहिणी चिखलात उतरल्या. हिरव्या बांधीतल्या झाडाची नवी मुळे पांढरी होती आणि जुन्यांवर गंजासारखा तांबूस थर होता. पिवळ्या बांधीतल्या झाडाची मुळे काळी पडली होती, हाताला मऊ लागत होती आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. मोठीने विचारले, "याची मुळं काळी काऊन पडली?"

धानाच्या मुळाला श्वास लागतो आणि चिखलात हवा नसते. म्हणून धानाच्या पातीपासून मुळापर्यंत आत हवेच्या बारीक वाटा असतात. पानाकडची हवा त्या वाटांनी खाली जाते आणि मुळाभोवती थोडी पाझरते. चिखलातल्या लोखंडाला ती लागली की गंज चढतो. म्हणून मुळावरचा तांबूस थर हे मूळ श्वास घेत असल्याचे लक्षण. पण सखल बांधीत पाणी सतत साचून राहिले आणि खाली न कुजलेला पालापाचोळा असला, तर विषारी वायू तयार होतो आणि मुळे हरतात. मूळच सडले असेल तर वरून टाकलेला युरिया घेणार कोण?

आम्ही धुरा फोडून त्या बांधीतले पाणी काढले. जमिनीला बारीक भेगा दिसू लागेपर्यंत थांबलो, मग हलके पाणी दिले. आठवड्याभराने मोठीने पुन्हा एक झाड उपटले. बुडाशी बोटाच्या पेराएवढी पांढरी मुळे फुटली होती. त्या बांधीचे धान इतर बांध्यांएवढे झाले नाही, पण हातचे गेलेही नाही. आणि युरियाची उधारी डोक्यावर बसली नाही.

प्रत्येक पिवळेपणाचे कारण हेच असते असे कोणी समजू नये. जस्त कमी पडले तरी धान पिवळे-तांबूस होते, नत्र कमी पडले तरी होते, किडीनेही होते. आपल्याच जिल्ह्यात साकोलीला धानाचे कृषी संशोधन केंद्र आहे. शंका असेल तर मुळासकट उपटलेले झाड घेऊन कृषी सहायकाकडे किंवा तिथे जावे. पण नेण्याआधी आपण स्वतः मूळ पाहावे, खोड चिरून पाहावे, पान उलटून पाहावे. विचारायचे काय, हे ज्याला कळते त्याला नीट उत्तर मिळते.

वाचक मायबहिणींनो, घरी करण्यासारखे दोन प्रयोग सांगतो. पावसाळ्यात तेरड्याचे रोप मुळासकट धुऊन लाल शाईच्या पाण्यात ठेवा. काही तासांत त्याच्या काचेसारख्या खोडातून लाल रेषा वर चढताना दिसतील. दुसरा प्रयोग पिंपळाच्या पानाचा. पान पाण्यात बरेच दिवस भिजू द्या, मऊ गर हलक्या हाताने धुऊन काढा, शिरांची जाळी शिल्लक राहील. मुलांना पुस्तकातले चित्र दाखवून त्या जाळीवर बोट फिरवायला सांगा. यात पैसा लागत नाही आणि लहान मुलांना तंबाखूच्या सुपाजवळ बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

ज्यांची शाळा मध्येच सुटली आहे, त्यांच्यासाठी एक शब्द. आमच्या मोठीने त्या हंगामानंतर १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. शाळेत न जाता दहावीला बसता येते, हे तिला धाकटीच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितले. गणिताची तिला धास्ती आहे. विज्ञानाचे पुस्तक मात्र तिने स्वतःहून आधी उघडले. घरात कोणाची शाळा सुटली असेल तर त्याला किंवा तिला जवळच्या माध्यमिक शाळेत पाठवा आणि या फॉर्मची चौकशी करायला लावा. फॉर्मची मुदत असते, ती आधी विचारून घ्या.