पुष्पकांतील रिकामी जागा

विमानाची कल्पना आपल्या लोकांस नवी नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांनीं त्या वाहनाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत पंखांपेक्षां अंतर्भागाचेंच कौतुक अधिक आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. रामायणांतील पुष्पक आकाशांत कसें तरंगतें याची चौकशी कवि करीत बसत नाहीं. सोन्याचे खांब, रत्नजडित वेदिका, जाळीदार गवाक्षें यांतच त्याचें मन रमतें. आणि लहानपणीं आजीच्या तोंडून आम्हीं जें पुष्पक ऐकलें, त्याचा गुण तर याहूनहि मोठा. त्यांत कितीहि माणसें बसलीं तरी एक जागा रिकामी राहावयाचीच! उडणें ही त्या विमानाची करामत खरी. परंतु त्याची थोरवी या रिकाम्या जागेंत होती.

आम्ही भाईंदरास राहतों, आणि गेलीं सव्वीस वर्षें लोकलनें मुंबईच्या कॉलेजांत शिकवावयास जातों. त्यामुळें या गुणाचें आम्हांस विशेष नवल वाटत नाहीं. लोकल हें आमचें पुष्पकच होय. तिघांसाठीं केलेल्या बाकावर चौथ्यानें बसावयाचें, हा येथील अलिखित कायदा आहे. "जरा सरका" एवढे दोन शब्द उच्चारले कीं तिघेहि, वर्तमानपत्रांतील डोळे न काढतां, सरकतात आणि चौथ्याला अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा होते. बाक भरले तर दोन बाकांमधली वाट; ती भरली तर दार; आणि दारहि भरलें तर दाराबाहेरचा वारा. या सरकण्यांत खरी माणुसकी आहे. चौथ्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार त्या अर्ध्या मांडीवर टेकलेला असतो, हें बाकावरील प्रत्येक जण जाणतो.

आमची मुलगी नोकरीनिमित्त परदेशांत असते. तिच्याकडे जाण्याच्या निमित्तानें आम्हां उभयतांस दोनतीनदां विमानप्रवास घडला. तेथें प्रथम जाणवलें तें हें कीं, या वाहनांत सरकणें नाहीं. दार मिटण्यापूर्वीं माणसें मोजतात. प्रत्येकाचें आसन ठरलेलें, पट्टा ठरलेला. हा केवळ तिकिटाचा हिशेब असावा, असें कोणासहि वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं दुसराच एक आंकडा आहे, आणि तो आंकडा नव्वद सेकंदांचा आहे. चव्वेचाळीसांहून अधिक आसनांचें नवें विमान बांधणाऱ्यास असें सिद्ध करून द्यावें लागतें कीं, अंधार असतां व निम्मीं दारें बंद असतां, आंतील सर्व माणसें नव्वद सेकंदांत जमिनीवर उतरूं शकतात. जेवढीं उतरतील तेवढ्यांचीच जागा. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची ही परीक्षा २००६ सालच्या मार्चमध्यें हँबर्ग येथें झाली. सोळांपैकीं आठच दारें उघडीं होतीं. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत घसरगुंड्यांवरून खालीं आले. एकाचा पाय मोडला. त्या दिवशीं ८५३ ही त्या विमानाची मर्यादा ठरली. त्यानंतर ८५४ वा मनुष्य कितीहि अजीजीनें "जरा सरका" म्हणाला, तरी त्याला जागा नाहीं.

हा कठोरपणा माणसें गमावून शिकलेला आहे. १९८३ सालच्या जूनमध्यें एअर कॅनडाच्या एका विमानांत मागच्या शौचालयाच्या बाजूस आग लागली. वैमानिकानें तें सिनसिनाटीस सुखरूप उतरविलें. तरीहि ४६ जणांपैकीं २३ जण बाहेर पडूं शकले नाहींत, कारण धुरांत दार कोठें तें दिसेना. आज विमानाच्या वाटेवर पायांशीं दिव्यांची जी ओळ असते, ती शोभेसाठीं नव्हे. धूर वर दाटतो, आणि रांगणाऱ्या माणसाला जमिनीलगतच दिसतें, म्हणून ती तेथें आहे. १९८५ सालच्या ऑगस्टमध्यें मँचेस्टर येथें एक बोइंग ७३७ धांवपट्टीवरच पेटलें. तें जमिनीवर उभें होतें, तरी १३७ पैकीं ५५ माणसें गेलीं, आणि त्यांतील बहुतेक धुरानें गेलीं. दाराकडे जाणारी वाट अरुंद होती. पुढें क्रॅनफील्ड येथील हेलन म्यूर या विदुषीनें या प्रश्नाचा अभ्यास केला. नुसतें "बाहेर पडा" म्हटलें तर स्वयंसेवक शिस्तीनें उतरत. तेव्हां जे निम्मे आधीं बाहेर पडतील त्यांस पांच पौंड अधिक मिळतील, असें तिनें जाहीर केलें. लागलीच सभ्य माणसें आसनांवरून उड्या मारूं लागलीं आणि अरुंद वाटेंत एकमेकांस अडवून बसलीं! वाट कांहीं इंचांनीं रुंद केली कीं तींच माणसें सुटत. पांच पौंडांसाठीं जें होतें तें प्राणांसाठीं किती होईल, याचा विचार करूनच आतां पंखाजवळील दारापाशीं आसनांत अधिक अंतर ठेवितात.

आमच्या भाईंदरांत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. भांडें वजनावर विकावयाचें, म्हणून पत्रा जाड तितकी त्याची पत मोठी. विमानाच्या अंतर्भागाचें शास्त्र याच्या अगदीं उलट आहे. तेथें प्रत्येक ग्रॅम इंधन खातो, म्हणून हलकेंपणाच मोलाचा. भिंतींच्या व जमिनीच्या फळ्या आंतून मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी पोकळ्यांच्या असतात. एका माणसाच्या आसनाचें वजन दहा किलोंच्या आसपास. आणि तरीहि १९८८ साली अमेरिकेंत झालेल्या नियमानुसार नव्या जातीच्या विमानांतील आसनानें गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्का सोसला पाहिजे. म्हणजे ७५ किलोंचा मनुष्य १२०० किलोंच्या भारानें पट्ट्यावर झेपावला, तरी आसनाचे पाय जमिनींतील रुळांतून उखडतां कामा नयेत. त्या रुळांखालीं तुळया असतात. बोइंग ७८७ या विमानासाठीं अशा तुळया आपल्या नागपुरास, मिहान येथील टाटा समूहाच्या कारखान्यांत तयार झाल्या. २०१९ सालापर्यंत त्यांची संख्या पंचवीस हजारांवर गेली होती. त्यावर गालिचा पडला कीं पुन्हां त्या कोणास दिसत नाहींत. विदर्भांतील कोणा कारागिरानें जोडलेल्या तुळईवर पाय ठेवून कोणी अनोळखी मनुष्य महासागर ओलांडतो, आणि दोघांसहि एकमेकांचें नांव ठाऊक नसतें.

हें सर्व वाचतांना आमचें मन मात्र पुनःपुन्हां फलाटावर येतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतला एक विद्यार्थी सकाळच्या गर्दींत गाडीच्या दारांतून पडला व गेला. हजेरीपटावर त्याचा क्रमांक सदतीस होता. दुसऱ्या दिवशीं छत्तिसापर्यंत आल्यावर आम्ही थांबलों. वर्गांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आम्हीं अडतीस म्हटलें. वर्षअखेरपर्यंत तो क्रमांक आणि तिसऱ्या बाकावरील ती जागा तशीच राहिली. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यापाशीं शेजारून जाणाऱ्या दोन लोकलींच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडून मृत्यु पावले, तेव्हां वर्तमानपत्र हातांत असतां आम्हांस तो सदतीस आंकडाच दिसत होता.

कोणी म्हणेल, विमानाचें तिकीट हजारोंचें आणि लोकलचा पास मजुराच्या खिशाचा; भाईंदरच्या फलाटावर माणसें मोजूं लागलां तर उरलेल्यांनीं कामावर कसें जावें? हा आक्षेप खरा आहे. चौथ्या माणसास उठवा, असें आमचें म्हणणें नाहीं; त्याच्यासाठीं चौथी जागा करा, एवढेंच आहे. सरकणें हें प्रवाशाचें काम, आणि तें त्यानें पिढ्यान्‌पिढ्या चोख केलें आहे. जागा करणें हें यंत्रशास्त्राचें व राज्यकर्त्यांचें काम आहे. आपोआप मिटणाऱ्या दारांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजीं बोरिवलीहून सुटली. मुंब्र्याच्या घटनेनंतर साध्या गाड्यांनाहि तशीं दारें बसविण्याचें ठरलें. दार मिटलें कीं लगेच श्वासाचा प्रश्न येतो, म्हणून दारांना झडपा आणि छपरांत हवा खेळविणारीं यंत्रें यांची योजना झाली. विमानांत दर दोनतीन मिनिटांनीं सारी हवा पालटते. तेथें सुटलेला प्रश्न येथें सुटणार नाहीं असें मानण्यास कारण नाहीं. माणसाचें वजन आकाशांत व जमिनीवर सारखेंच भरतें. त्याची किंमतहि सारखीच भरावी.

आणि विमानाचें शास्त्र केवळ नकार देणारें आहे असेंहि नाहीं. तीन आसनांच्या ओळीवर, डोक्यावरच्या मिटलेल्या झांकणांत, प्राणवायूचे मुखवटे बहुधा चार असतात. आसनांपेक्षां मुखवटे निदान दहा टक्के अधिक असावेत, असा नियमच आहे. चौथा मुखवटा, जें मूल तिकिटावर बसत नाहीं, आईच्या मांडीवर बसतें, त्याच्यासाठीं. तें मूल त्या विमानानें कधीं प्रवास करील, कोणत्या ओळींत येईल, हें बांधणाऱ्यास ठाऊक नसतें. तरी तो प्रत्येक ओळीवर त्याची वाट पाहून ठेवतो.