क्ष-किरणांच्या खोलीतली टिपणे

चिठ्ठीवर 'चेस्ट पीए' एवढेच असते. पी म्हणजे पाठ, ए म्हणजे पुढची बाजू. किरण पाठीतून शिरतात आणि छातीतून बाहेर पडून प्लेटवर येतात. म्हणून रुग्णाला छाती प्लेटला टेकवून, पाठ नळीकडे करून उभे करायचे. हृदय छातीत पुढच्या अंगाला असते. ते प्लेटच्या जवळ राहिले की सावली खऱ्या मापाची पडते. भिंतीवर सावली पाडताना हात दिव्याकडे सरकवला की सावली मोठी होते, तसेच हे. नळी 180 सेंमी लांब ठेवतात तीही याचसाठी.

ज्याला उठता येत नाही त्याचा एक्स-रे खाटेवरच, म्हणजे एपी. प्लेट पाठीखाली, नळी वरून आणि बरीच जवळ. हृदय प्लेटपासून लांब पडते, फुगलेले दिसते. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली तर हृदय मोठे, हा ठोकताळा पीएचा आहे. एपीला तोच लावला तर चांगले हृदयही आजारी ठरते. फिल्मवर 'एपी' लिहायचे राहिले की मला फार खटकते.

*

"आजी, मोठा श्वास घ्या. आता रोखून धरा." या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वाक्ये हीच. श्वास अर्धवट घेतला तर फुप्फुसांचा तळ पांढुरका दिसतो आणि हृदय आडवे पसरते. पूर्ण श्वासाच्या फिल्मवर पाठीकडच्या नऊ-दहा फासळ्या मोजता येतात. म्हाताऱ्या माणसांकडून आधी एकदा नुसताच श्वास घेऊन, रोखून दाखवून घ्यावा. घाईत हेच राहते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

खांदे पुढे ढकलायला सांगतात ते खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला जावीत म्हणून.

*

केव्ही आणि एमएएस. केव्हीवर किरणांची भेदक शक्ती ठरते, एमएएसवर त्यांचे प्रमाण. 200 मिलिअँपिअर आणि 0.05 सेकंद म्हणजे 10 एमएएस. 100 आणि 0.1 सेकंद म्हणजेही 10च. हिशेबात फरक नाही, पण छातीला मी पहिलाच जोड घेईन. हृदय थांबत नाही. वेळ जितका कमी तितकी कड स्वच्छ. रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे.

*

हवा काळी, चरबी गडद करडी, स्नायू आणि पाणी फिकट करडे, हाड पांढरे, धातू सर्वांत पांढरा. छटा एवढ्याच. रक्त, पू, पाणी, स्नायू, सगळे एकाच करड्या रंगात. हृदयाची कड दिसते ती शेजारच्या फुप्फुसात काळी हवा असते म्हणून. उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात न्यूमोनिया झाला की हवेची जागा द्रव घेतो आणि हृदयाची उजवी कड पुसली जाते. आजार कुठे आहे ते न दिसणाऱ्या रेषेवरून कळते. या विद्येतले मला सर्वांत आवडणारे हेच.

फुप्फुसाभोवती पाणी साठले तर उभ्या माणसात ते खाली उतरते आणि बरगडी व श्वासपटलामधला टोकदार कोपरा बोथट होतो. त्यासाठी साधारण 200 मिली पाणी लागते. झोपलेल्या रुग्णात तेच पाणी पाठीमागे पसरते. फिल्मवर नुसती धूसर छटा येते. जमत असेल तर उभे करावे.

*

बकी स्टँड, म्हणजे जाळी बसवलेला प्लेटचा उभा आधार: गुस्ताव बकी यांनी 1913 मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्यांची जाळी काढली. शरीरात विखुरलेले तिरपे किरण ती अडवते, सरळ येणारे बहुतांशी जाऊ देते. जाड शरीराची फिल्म तिच्याशिवाय राखेसारखी येते.

*

आर आणि एल ही शिशाची अक्षरे एक्स-रे काढण्यापूर्वीच प्लेटवर लावावीत. हल्ली संगणकावर मागाहून टाकता येतात, ते मला पटत नाही. काही माणसांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. मागाहून अक्षर टाकणारा अशी फिल्म उलटी समजून सरळ करून ठेवील.

*

छातीच्या एका पीए एक्स-रेचा डोस सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट. निसर्गातून वर्षाला जगात सरासरी 2.4 मिळतो, म्हणजे हा तीनेक दिवसांचा. तरीही बाईमाणसाला "दिवस गेलेत का?" हे विचारल्याशिवाय बटण दाबायचे नाही, आणि ते विचारताना दार लावून घ्यायचे. बाहेरच्या बाकावर सासरची माणसे बसलेली असतात.