शिडी आणि शिट्टी

१९८६च्या पावसाळ्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी बीसी ५४८ जातीचे पन्नास ट्रान्झिस्टर आणले. शिडीला लागणार होते दहाच. पण रॉबर्ट मूगच्या या शिडीसारख्या फिल्टरला जुळ्या जोड्या लागतात आणि पन्नासांतून पाच जुळी निवडायची म्हणजे रात्रभर मल्टिमीटर धरून एकेकाचं व्होल्टेज वहीत उतरवायचं.

आराखडा होता झेरॉक्सच्या झेरॉक्सचा. मूगला या फिल्टरचं पेटंट १९६९मध्ये मिळालं, पुढच्या वर्षी त्याचा मिनिमूग सिंथेसायझर आला. कागदावर खरोखरच शिडी दिसे: ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारखे आडवे चार कपॅसिटर. कटऑफच्या, म्हणजे ज्याच्या वरचे सूर फिल्टर कापतो त्या, सुरावर प्रत्येक पायरी लाटेला ४५ अंश मागे ढकलते. चार पायऱ्यांचे १८० अंश. तेवढ्यात आवाज उरतो पाव. म्हणजे तो चौपट करून, उलटा फिरवून पुन्हा शिडीच्या तळाशी सोडला की बाहेरून काहीही न देता फिल्टर स्वतःच शिट्टी घालणार! हा चारचा आकडा पेन्सिलीनं निघाला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आई जागी झाली होती, तिलाच सांगितला. त्याच गणितातून दुसरंही कळलं. रेझोनन्स, म्हणजे हा परत सोडलेला आवाज, वाढवला की मिनिमूगचा खर्ज का गळतो? त्या चौपटीपाशी खालच्या सुरांचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो.

गणित तिथवर बरोबर होतं. पुढे मात्र त्यात शिट्टी अनंतापर्यंत वाढत जात होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सीआरओवर पाहिलं, तर ती एका उंचीवर येऊन शांतपणे स्थिरावली. कारण ट्रान्झिस्टरची जोडी सरळ रेषेत वागते ती पंचवीसेक मिलिव्होल्टच्या आतच. त्यापुढे लाटेचा माथा हळुवार दबतो. मूगच्या आवाजाला लोक ऊबदार म्हणतात, त्यातला मोठा वाटा या दबण्याचा आहे असं मला तेव्हापासून वाटतं. चरणजीत सिंग यांनी १९८२मध्ये मुंबईतच रागांच्या तबकडीसाठी रोलंडचा टीबी-३०३ सिंथेसायझर वापरला होता. त्याच्या फिल्टरमध्येही शिडीच, पण वेगळी. तिथले ट्रान्झिस्टर डायोडसारखे जोडलेले, त्यामुळे एका पायरीचा भार दुसरीवर पडतो आणि आवाज अधिक चिवट होतो. एकाच कल्पनेचे हे दोन गळे मी पुष्कळ उशिरा शेजारी ठेवून ऐकले.

आता माझी भाची लॅपटॉपवर तीच शिडी दहा मिनिटांत मांडते. लॉग पेपरवर मला एक आलेख काढायला संध्याकाळ लागे. ती रेझोनन्सच्या वीस पातळ्यांचे वीस आलेख एकदम उमटवते. २००४मध्ये आंटी हुओविलाइनेन यांनी प्रत्येक पायरीवरचं ते दबणं संगणकाच्या गणितात आणलं. नंतर इतरांनी ते आणखी नेटकं केलं. तिच्या हेडफोनमधला मूग मी डोळे मिटून ऐकला आणि मला फरक सांगता आला नाही. माझ्या त्या रात्री परत याव्यात असं मला वाटत नाही. पण ठिपक्याठिपक्यानं आलेख काढताना दोन ठिपक्यांमध्ये रेषा कशी वळेल याचा अंदाज मनात बांधावाच लागे. त्या वळणाची ओळख मला तिथेच झाली, आणि वीस आलेख एकदम पाहून ती होते का, याची मला खरंच काळजी वाटते.

गेल्या महिन्यात माळ्यावरून जुना बोर्ड काढला. दोन कपॅसिटर बदलल्यावर शिट्टी वाजली.

“मामा, हा सूर वर का सरकतोय?”

तिच्या सिम्युलेटरमध्ये काही न सांगितल्यास तापमान २७ अंश धरलेलं असतं. इथे मे महिन्याची दुपार होती. मी तिला कटऑफ ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर बोट टेकवायला सांगितलं. तो एक अंश तापला, तर सूर पेटीच्या एका पट्टीहून जास्त चढतो. शिट्टी चढत गेली, ती हसायलाच लागली. मग तिनं बोट उचललं आणि सूर उतरून जागेवर येईपर्यंत आम्ही दोघं न बोलता ऐकत राहिलो.