येथे अदृश्य करून मिळेल

पुराणकाळी अदृश्य व्हायचं म्हणजे मोठा खटाटोप असे. बारा वर्षं एका पायावर उभं राहायचं, नुसता वारा पिऊन राहायचं, मग कुठे एखादा देव फिरकायचा. आमच्या बँकेत त्यासाठी एक साधा अर्ज, त्यावर साहेबांची सही आणि मी, एवढ्यावर भागतं. मी बी.कॉम. आहे. फार पूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढल्यामुळे माझी गणना 'संगणकातलं कळणाऱ्यां'त झाली. पुढे आमच्या विभागापुरतं ई-मेलच्या ॲड्रेस बुकात कोणी दिसावं आणि कोणी दिसू नये, हे पाहण्याचं काम माझ्या टेबलावर येऊन पडलं. पगारात फरक नाही.

ज्यांच्या कचेरीत हे पुस्तक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वी साहेबांच्या टेबलावर काचेखाली टेलिफोनची टाईप केलेली यादी असे. तीत सर्वांत वर मोठे साहेब, मग धाकटे साहेब, असं उतरत उतरत शेवटी 'वॉचमन (रात्र)'. ती यादी म्हणजे बँकेची वंशावळच. हे नवं ॲड्रेस बुक मात्र सर्व्हरवर असतं आणि त्यातली नावं चक्क इंग्रजी बाराखडीप्रमाणे लागतात. यंत्राला हुद्दा कळत नाही. त्यामुळे कालपरवा चिकटलेला पोरगा, केवळ नाव 'ए'पासून सुरू होतं म्हणून, महाव्यवस्थापकांच्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि ज्याला यादी दिसते त्याला कोणाच्याही नावावर बोट ठेवून पत्र धाडता येतं. एका शाखेतल्या कवीनं या सोयीचा इतका फायदा घेतला, की पंधरा दिवसांत तीन साहेबांनी अदृश्य होण्यासाठी अर्ज केले.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आहे. त्यात प्रत्येक नावापुढे 'ॲड्रेस लिस्टमधून लपवा' अशा अर्थाची एक चौकट असते. तीत खूण केली की काम झालं. म्हणजे माझं झालं. साहेबांचं होत नाही. कारण आउटलुक त्या यादीची एक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर उतरवून ठेवतो, आणि ती साधारण चोवीस तासांतून एकदाच ताजी करतो. तिकडे सर्व्हरही आपल्या वेळेलाच नवी प्रत काढतो. तेव्हा कधी एक दिवस, कधी दीड-दोन.

"अहो, मी अजून दिसतोय!" साहेबांचा फोन.

"उद्या सकाळपर्यंत दिसाल, साहेब. मग नाही."

हे वाक्य साहेबांच्या सौभाग्यवतींनी ऐकलं नाही हे बरं.

बरं, यादीतून गेले तरी टपाल थांबत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून पोस्टमन घर थोडंच विसरतो? पत्ता होता तोच राहतो. ज्यांनी पूर्वी पत्र धाडलंय त्यांच्या आउटलुकला तो पाठ असतो. आणि 'सर्व अधिकारी' या गटात साहेबांचं नाव असतंच, त्यामुळे गटाला आलेलं प्रत्येक पत्र अदृश्य साहेबांनाही पोचतं. एकदा तर साहेबांना नवा संगणक आला. आउटलुक मांडायला गेलो, तर ते म्हणे, या नावाचं यादीत कोणी नाही! ज्यांच्या सहीवाचून आमच्या विभागात पान हलत नाही, त्यांना यंत्र ओळख देईना. शेवटी साहेबांना थोडा वेळ प्रकट केलं, आउटलुक मांडलं आणि पुन्हा गुप्त केलं.

माणसांचं सोडा, मोठे गट मात्र खरोखरच झाकून ठेवावेत. १९९७ सालच्या ऑक्टोबरात खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलम डीएल३' नावाच्या हजारो जणांच्या गटावर एकानं लिहिलं, की मला या यादीतून काढा. त्यावर लोक सर्वांनाच उत्तरं देऊ लागले, 'मलाही!' मग कोणी 'सर्वांना उत्तर देऊ नका' हेही सर्वांनाच कळवलं. टपाल दीड कोटीच्या घरात गेलं आणि सर्व्हर आडवे झाले. आपल्याकडे दिवाळीच्या शुभेच्छांनी हे सहज साधेल.

तर साहेब लोक असे लपायला निघालेले, आणि दुसरीकडे आमचे दप्तरीमामा. तीस-पस्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. कुठलं लेजर कुठल्या फळीवर, हे अंधारात हात घालून सांगणार. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना मामांना ई-मेल मिळाला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी हजर.

"माझं नाव दिसतं का हो त्यात?"

दाखवलं.

"वर कोण?"

"ठाण्याचे चीफ मॅनेजर."

"आन् खाली?"

"कायदा विभागातल्या मॅडम."

मामा बराच वेळ बघत राहिले. दुपारी वॉचमनला घेऊन आले आणि त्यालाही दाखवलं.

पावसाळ्यात रेकॉर्ड रूम गळायला लागली. खालच्या थरातली लेजरं भिजली, तोंडी सांगून काही होईना. मामा म्हणाले, साहेबांनाच ई-मेल करतो. पण साहेब यादीत सापडेनात. मामा घाबऱ्या घाबऱ्या आले. "साहेब गेले की काय?" म्हटलं, "आहेत हो. पत्ता तुमच्यासारखाच. नाव, मधे टिंब, मग आडनाव." मामांनी एका बोटानं पाऊण तास टाईप केलं. चौथ्या दिवशी ताडपत्री आली, आठवड्याभरात गवंडी. साहेब मला म्हणाले, "माझा पत्ता बाहेर फुटतोय." म्हटलं, "चौकशी करतो."

मामा गेल्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. परिपत्रकाप्रमाणे निवृत्ताचं नाव त्याच संध्याकाळी झाकायचं असतं. नारळ-शालीचा कार्यक्रम आटोपून मी पावणेसहाला खूण केली. एक जूनला सकाळी मामा उरलेल्या किल्ल्या द्यायला आले आणि सवयीनं माझ्या पडद्यात डोकावले.

"काढलं नाही का नाव?"

"काढलंय, मामा. दिसतंय नुसतं. उद्या जाईल."

"असं म्हणता?" मामांनी खुर्ची ओढली. "मग आज रजेवर आहे म्हणायचं. चहा सांगा."