गुरुवारचा फुकट गेम

अमेरिकेतल्या कॅरीत आमच्या घरी गुरुवार पाळला जातो, पण दत्ताचा नव्हे. सकाळी 11 वाजता एपिक गेम्स स्टोअर या ऑनलाइन दुकानात नवा फुकट गेम येतो आणि सुट्टी असली की लेक त्याआधीच कॉम्प्युटरसमोर हजर. पडद्यावर मूळ किमतीवर काट मारलेली, शेजारी वजा 100 टक्के, खाली एकूण रक्कम 0 डॉलर. बटण दाबलं की गेम कायमचा त्याच्या खात्यात जमा. यातले निम्मे तो उघडूनही बघत नाही. विचारलं तर म्हणतो, "बाबा, फुकट आहे ना!"

एपिकचं मुख्यालय आमच्या याच गावात. 2021 साली त्यांनी इथला कॅरी टाऊन सेंटर हा जुना मॉल साडेनऊ कोटी डॉलरना विकत घेतला. एवढा व्यवहार जाणणारी कंपनी दर आठवड्याला दानधर्म कशाला करेल, हा माझा मध्यमवर्गीय प्रश्न. त्याचं उत्तर त्याच वर्षी ॲपलविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या कागदपत्रांत सापडलं. दुकानाच्या पहिल्या 9 महिन्यांत 38 गेम वाटण्यासाठी एपिकने गेमवाल्यांना सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून 49 लाखांच्या आसपास नवी खाती उघडली. म्हणजे माणशी अडीच डॉलरसुद्धा पडले नाहीत. सौदा स्वस्तच म्हणायचा.

गेमवाल्यांसाठी आमिष वेगळं. स्टीम हे जुनं दुकान विक्रीतून साधारण 30 टक्के कापतं. एपिकने 2018च्या डिसेंबरात 12 टक्क्यांवर दुकान मांडलं. जून 2025पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर काहीच कापत नाहीत. एवढं करूनही आमचे चिरंजीव खिशातले पैसे खर्च करतात ते स्टीमवरच. सगळे मित्र तिकडे आहेत म्हणे! फुकट्या गिऱ्हाइकाला दुकानात आणणं सोपं, पाकीट उघडायला लावणं अवघड.

तरी एक गोष्ट मला मनापासून पटते: लेकाला गेम फुकट मिळाला, पण तो बनवणाऱ्याला पैसे मिळाले. आपल्याकडे दिवाळी आली की अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. इथल्या आमच्या ग्रुपवरही येतात आणि खाली धन्यवादाचे हात जोडले जातात. त्या फुकटात संपादकाला, लेखकाला दमडी मिळत नाही. यंदा तशी पीडीएफ आली तर पुढे ढकलू नका. निदान एक अंक विकत घ्या.