मढच्या वाळूवरून कॉलेजच्या मैदानावर

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला २७१ नंबरची बस धरली, की मार्वे रोडने आक्सा, एरंगळ करीत ती मढ जेटीला आणून सोडते. अंधेरीकडच्या मंडळींना वर्सोव्याहून होडी जवळची. खाडी एवढी अरुंद, की सुटे पैसे खिशात ठेवीपर्यंत पलीकडचा धक्का येतो. माणसांबरोबर मोटारसायकलीही त्याच होडीत चढतात. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. त्या वासाला नाक मुरडणाऱ्याने मढला येऊच नये.

टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. आता परवानगीशिवाय आत जाता येत नाही, तेव्हा बाहेरूनच पाहून परतावे लागते. एरंगळच्या किनाऱ्यावर संत बोनाव्हेंचरचे जुने चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते नि तिला सर्व धर्मांची माणसे जातात.

आम्हांला मात्र लिहायचे आहे ते मढच्या वाळूविषयी. आमच्या विहारातील कुटुंबे सहलीला येतात ती भाकरी, सुकट नि पाण्याचे कॅन घेऊन. ओहोटी लागली, की किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. मुंबईत आमच्या मुलांना एवढे मोकळे मैदान कोठे मिळणार? वस्तीत दोन चाळींमधली गल्ली, शाळेत सिमेंटचे अंगण. येथे मात्र पोरे बसमधून उतरताच शर्यती लावतात. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून अधिक शक्ती लागते. तेथे दहा मिनिटे पळाले, की पोटऱ्या बोलू लागतात. पाण्यात मात्र कोणालाही सोडू नये. आक्साच्या समुद्राने आजवर कित्येक घरांतली तरणीताठी मुले नेली आहेत.

गेल्या खेपेस एका मुलीने सगळ्या मुलांना मागे टाकले. दहावीपर्यंत ती शाळेतर्फे तालुका-जिल्ह्याला धावत होती. आता अकरावीला आहे आणि धावणे बंद आहे. कारण विचारले तर आई म्हणाली, "कॉलेजात कुठलं आलंय खेळणं? शिकेल नि नोकरीला लागेल." आई चार घरची धुणीभांडी करते, तिचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? पण आमच्यापैकी काहींनी तेथेच वाळूत बसून तिला खाशाबा जाधवांची हकिगत सांगितली. तीच येथे देतो.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. जन्म १५ जानेवारी १९२६. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, कुस्ती वडिलांकडून आली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, आणि खरे दार उघडले ते तेथेच. कॉलेजच्या नि विद्यापीठाच्या कुस्त्या मारीत हा अंगाने लहानखुरा गडी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला पोहोचला. मातीत वाढलेल्या पायांना तेथली मॅट परकी होती, नियमही परके. तरी सहावा नंबर आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे, तर पैसे नाहीत. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या लढवून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले. पुढे पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर! हयातीत सरकारला सवड झाली नाही. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेने ते नेमबाजीत मिळविले.

मुलींचे उदाहरण हवे असेल तर दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर घ्या. २०१६ साली रिओला ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली नि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय महिला.

आता कामाचे बोलू. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ नि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठीही गट आहे. दहावी झाली म्हणून खेळ संपत नाही. पदवीला गेल्यावर मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून निवड झाली तर राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. नोकरीचे म्हणाल, तर सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या दर्जाची स्पर्धा लागते आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याइतके जपून ठेवावे. आमच्या घरांत पत्र्याच्या पेटीत पावसाचे पाणी शिरते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे, एवढेच सांगतो.

अडचणीही खऱ्या आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा पोट भरता भरता शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आज आमची पुष्कळ मुले सकाळी कॉलेज, दुपारी कुरिअर नाहीतर दुकान असे दिवस काढतात. सराव करायचा कधी? शिवाय खाशाबांना जशी मॅट परकी, तसा वाळूवर अनवाणी धावलेल्या मुलांना कृत्रिम ट्रॅक परका. त्यावर खिळ्यांचे बूट लागतात आणि ते घालून धावण्याची सवय आधीच लावावी लागते. कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तसा ट्रॅक आहे. मढहून तेथे जायचे म्हणजे बस, लोकल, पुन्हा चालणे. वर रोज दोन अंडी नि दुधाचा पेला. हा खर्च एकट्या आईच्या पगारातून निघणारा नव्हे.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आमच्यातल्या एका निवृत्त गिरणी कामगाराने डोक्यावरची टोपी काढून सगळ्यांपुढे फिरविली. कोणी वीस, कोणी पन्नास टाकले. आई आधी नको म्हणाली, मग गप्प राहिली. बस मालवणीजवळ आली, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "बुटांचा नंबर पाच लिहा. पण सहाच घ्या, पाय अजून वाढतोय."