अंथरूण पाहून घेतलेली एमजी

इंग्लंडला जाणारा आपल्याकडचा माणूस लंडन पाहतो, वेळ असेल तर ऑक्सफर्डची जुनी कॉलेजे पाहतो आणि परत येतो. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर थेम्स नदीच्या काठी अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. गावाला रेल्वे नाही. प्रवासी गाडी होती ती १९६३ साली बंद झाली. ऑक्सफर्डहून बस पकडायची आणि शेतेभाते, मेंढ्या बघत अर्ध्या तासात उतरायचे. वस्ती चाळीस हजारांच्या आत. नदीवर जुना दगडी पूल, एका मठाचे अवशेष आणि बाजारचौकात सतराव्या शतकातील भव्य काउंटी हॉल.

सीमाभागातील आपल्या वाचकांना एक गोष्ट वाचून गंमत वाटेल. हे गाव शतकानुशतके बर्कशायर परगण्यात होते, काही काळ त्याचे मुख्य ठाणेही होते. १९७४ साली हद्दींची फेररचना झाली आणि गाव जागच्या जागी राहून ऑक्सफर्डशायरमध्ये गेले. काउंटी हॉलचे आता संग्रहालय झाले आहे. राजघराण्यातील शुभप्रसंगी या इमारतीच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत गोड पाव फेकण्याची प्रथा १७६१ पासून चालत आली आहे आणि त्यातले वाळलेले पाव संग्रहालयात जपून ठेवले आहेत. त्याच संग्रहालयात एक मोटारही आहे. तिचे नाव एमजीबी. माझे अ‍ॅबिंग्डनला जाणे झाले ते या मोटारीमुळे.

माझा भाचा बेळगावचा. ऑक्सफर्डजवळ नोकरीला आहे. भाचेसून धारवाडची, त्यामुळे घरात मराठी-कन्नड दोन्ही नांदतात. भाच्याला लहानपणापासून दोन दारांच्या, बुटक्या, लांब नाकाच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे वेड. त्यासाठी त्याने सात हजार पौंड बाजूला टाकले होते. आपल्या हिशेबाने आठ लाखांच्या आसपास. घराचे कर्ज फिटायचे आहे, मुलगी शाळेत आहे, तेव्हा त्यापुढे एक पौंडही नाही, हे भाचेसुनेने आधीच बजावले होते. "हासिगे इद्दष्टु कालु चाचु," ती म्हणाली. आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, तेच. शिवाय भाच्याला गाडी झाकून ठेवायची नव्हती, रविवारी तिघांनी बसून फिरायची होती. थोड्या पैशांत, रोज चालणारी, जुनी स्पोर्ट्स कार मिळते का, हा प्रश्न घेऊन आम्ही हिंडलो.

कारखाना गेला, गाडी राहिली

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस या उद्योगपतीचे हे मोटारविक्री आणि दुरुस्तीचे दुकान. १९२२ साली सेसिल किंबर तिथे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्यासुध्या मोटारींना त्यांनी हलक्या, चपळ बॉडी चढवल्या आणि त्यातून एमजी जन्मली. म्हणजे ही गाडी मुळातच मध्यमवर्गाची. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल घरच्या मोटारीचे, रूप मात्र शर्यतीचे. १९२९ च्या अखेरीस काम अ‍ॅबिंग्डनला, एका कातडी कारखान्याच्या जागेत हलले. १९८० पर्यंत तिथे दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यातल्या पाच लाखांहून जास्त एकट्या एमजीबीच्या. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती बनत होती आणि बहुतेक अमेरिकेला जात होती.

१९७९ च्या सप्टेंबरात कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. गावाने मोर्चे काढले, पण ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि दारे मिटली. आज त्या जागेवर कार्यालये, दुकाने आणि घरे आहेत. कारखाना शोधायला गेलेल्याला फारसे काही सापडत नाही. सापडतो तो सिमेट्री रोडवरचा एमजी कार क्लब. १९३० साली स्थापन झालेल्या या क्लबच्या इमारतीला किंबर यांचेच नाव आहे. शांत रस्त्यावरची साधी वास्तू, पण जगभरातल्या एमजीवाल्यांचे ते माहेर. कारखाना बंद होऊन चार तपे होत आली, तरी गाडी जिवंत आहे ती का, याचे उत्तर इथे मिळू लागते. लाखोंनी गाड्या बनल्या, म्हणून लाखो लोकांना त्या दुरुस्त करता आल्या. जाणणारे होते म्हणून सुटे भाग करणारे टिकले. आणि भाग मिळतात म्हणून किंमत आवाक्यात राहिली.

आपल्या अँबॅसॅडरची नातेवाईक

बेळगाव-हुबळीच्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडून दाखवा, तो गोंधळणार नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी-सीरीज' नावाचे इंजिन कुटुंब होते. आपल्या अँबॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, ते याच कुटुंबातले. १९५५ सालच्या एमजीए या स्पोर्ट्स कारलाही तेवढ्याच सीसीचे हेच इंजिन होते. एमजीबीसाठी ते वाढवून १७९८ सीसी केले, दोन एसयू कार्ब्युरेटर बसवले आणि ताकद ९५ अश्वशक्तीपर्यंत नेली. गाडी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाऊ लागली. पण मूळ घडण तीच: ओतीव लोखंडी ब्लॉक, साधे झडपांचे काम, हाताने होणारे सेटिंग. संगणक कुठे नाही. पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज असले की निम्मे काम घरी होते. भाच्याचे वडील पूर्वी अँबॅसॅडर बाळगून होते. फोनवर त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "मग ग्रीसची पिचकारी आधी घे." खरेच, एमजीबीच्या पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर काही हजार किलोमीटरला ग्रीस लागते. कोरडी ठेवली तर झिजते.

दोन गाड्या

आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली लालभडक, उघड्या टपाची, क्रोमच्या चकचकीत बंपरची. या गाड्यांना १९७४ च्या शरद ऋतूपर्यंत क्रोमचे बंपर होते. पुढे अमेरिकेतील नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडी एक-दीड इंच उंचही झाली. शौकिनांना क्रोम आवडते, म्हणून त्याची किंमत जास्त. ही लाल गाडी मात्र भाच्याच्या बजेटमध्ये बसत होती. इंजिन एका झटक्यात सुरू झाले. भाचा विरघळला.

भाचेसून तेवढी खाली वाकली. "मोदलु केळगिंद नोड्री," म्हणाली. आधी खालून बघा. तिचे बरोबर होते. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी, अगदी अँबॅसॅडरसारखी. दाराच्या खाली जी लांब पेटी असते, तिच्यावर सगळा भार. इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाणी या पेटीत शिरते आणि आतून पोखरते. मराठीत गंज म्हणा, कन्नडात तुक्कु म्हणा, जुन्या गाडीचा खरा मालक तोच. तपासायची रीत सोपी आहे. दार आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पेटीवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवायचे. पकडले नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. शेवटी गाडी तिच्या जॅकच्या जागेवर उचलायची आणि दार उघडून बघायचे. अडकले तर कंबर मोडलेली आहे असे समजावे. लाल गाडीचे दार अडकले. विकणाऱ्याने हवामानाला दोष दिला. आम्ही चहाचे आभार मानून निघालो.

दुसरी १९७८ ची, रबरी बंपरची, छत असलेली 'जीटी'. १९६५ साली आलेल्या या छताच्या घडणीत इटलीच्या पिनिनफारिना यांचा हात आहे. उघडी गाडी लोकांना जास्त हवी असते, त्यामुळे जीटी स्वस्त मिळते. शिवाय मागे छोटी बैठक असते. तिथे मोठा माणूस मावत नाही, पण शाळकरी मुलगी बसते. रंग विटलेला, बैठक उसवलेली, घड्याळ बंद. पण फटी सरळ, चुंबक सगळीकडे चिकटले, जॅकवर दार सहज उघडले. गरम झाल्यावर तेलाचा दाब धरून होता. गिअरमध्ये खरखर नव्हती. ओव्हरड्राइव्ह लगेच लागत होता. आणि सगळ्यात बोलका होता तो बिलांचा जाड गठ्ठा. भाच्याने अठ्ठेचाळीसशे पौंडांना व्यवहार केला. उरलेले बावीसशे बँकेतच ठेवले. जुन्या गाडीची किंमत पहिल्या वर्षाच्या खर्चासकट मोजायची असते. टायरची नक्षी चांगली होती, पण टायर दहा वर्षांचे होते, म्हणून बदलले. ब्रेकचे आणि पाण्याचे रबरी पाइप, बॅटरी, सगळी तेले नवी केली. तरीही बावीसशेतले निम्मे उरले.

सांभाळण्याचा खर्चही फार नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील गाडीला अर्ज केल्यावर रस्ता कर माफ होतो. २०१८ पासून बहुतेक अशा गाड्यांना वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मात्र गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच असते, म्हणून भाचा स्वखुशीने तपासणी करून घेतो. पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर. तिथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून हा पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल घालतो.

घोंगडीच्या गावात नवा सांगाडा

एका रविवारी त्याच गाडीतून आम्ही विटनीच्या बाजूने गेलो. विटनी हे पिढ्यान्‌पिढ्या ब्लँकेटसाठी नावाजलेले गाव, म्हणजे आपल्या घोंगडीचे, कंबळीचे. माग थांबले, पण गावात आज दुसरेच काम चालते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा जुन्याच साच्यांवर पुन्हा तयार करते. १९८८ पासून हे चालू आहे. कारखान्याने टाकून दिलेले साचे शोधून आणले गेले, म्हणून हे शक्य झाले. अशा एका सांगाड्याची किंमत मात्र भाच्याच्या पूर्ण चालत्या गाडीपेक्षा जास्त पडते. लाल रंगाला भुलणे किती महाग पडते, ते यावरून कळते. इंजिन दुरुस्त होते, बैठक शिवून मिळते, पण गंजलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

आपल्याकडे काय?

वाचकांपैकी काहींच्या मनात आले असेल की अशी गाडी इकडे आणावी. आणण्याचा खर्च आणि कर बाजूला ठेवू, पण एक नियम ध्यानात असू द्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ रूप न बदललेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरे. पण अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. ज्याला खरोखर चालवायची आहे, त्याने इथलीच जुनी गाडी पाहावी. तिची साधी नोंदणी चालू आहे ना, १५ वर्षांनंतरचे नूतनीकरण वेळेवर झाले आहे ना, हे आधी बघावे. कागद मेलेली गाडी जिवंत करणे इंजिन बांधण्यापेक्षा अवघड.

आणि मग अ‍ॅबिंग्डनची कसोटी लावावी. भाग कुठे मिळतात? हात कोणाचा बसलेला आहे? गावात आणखी कितीजणांकडे ती आहे? अँबॅसॅडर २०१४ साली बंद झाली, म्हैसूरच्या जावा-येझदीचा कारखाना १९९६ साली. पण बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकाम करणारे हात आजही आहेत. कोल्हापूरकडे तर आहेतच. नमुना हातात दिला की बुश, पिन, ड्रम करून देणारे कारागीर या पट्ट्यात भेटतात. मात्र जुन्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून झडपेचे माप सांगणारे मेकॅनिक आता सत्तरीला टेकले आहेत आणि त्यांच्या हाताखाली पोरे येत नाहीत. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना गेल्यावर तिथल्या लोकांनी साचे, बिले, पुस्तके आणि माणसे धरून ठेवली, म्हणून आज एक नोकरदार माणूस सात हजार पौंडांत स्पोर्ट्स कार चालवतो. आपल्या गल्लीतील मेकॅनिकमामांकडे असे काय काय आहे, ते त्यांचे शटर उघडे आहे तोवर जाऊन विचारून ठेवावे. वही-पेन सोबत न्यावे.